डोळ्यांचं काम आपल्याकडे येत नाही

रविवारी लॅब बंद असते, असं दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं. ती पाटी आबांनीच लावली होती आणि आबांनीच ती एकदाही पाळली नव्हती. रविवारी फोन वाजत नाही, त्यामुळे दात कसे निगुतीने लावता येतात, असं त्यांचं म्हणणं. या रविवारी मात्र ते कारागीर म्हणून नव्हे, गिऱ्हाईक म्हणून खुर्चीत बसले होते. बेचाळीस वर्षं लोकांच्या तोंडात कवळ्या बसवणाऱ्या माणसाचा स्वतःचा शेवटचा दात महिन्यापूर्वी पडला होता. मग आबांची कवळी करायची कुणी, यावरून घरात केवढं रामायण झालं. शेवटी ती थोरल्या मुलाने करायची ठरली, कारण आबांना दुसऱ्या कुणाच्या हाताखाली तोंड उघडणं मंजूर नव्हतं.

"आ करा," थोरला म्हणाला. पन्नाशी उलटल्यावर बापाला 'आ करा' म्हणायची पाळी येईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

आबांनी आ केला. गुलाबी मेणात बसवलेले दात थोरल्याने अलगद आत सारले. पक्की कवळी करण्याआधी ती अशी मेणात लावून बघायची असते. चुकलं तर इथेच दुरुस्त करता येतं.

"चावा."

आबा चावले. "डावीकडची दुसरी दाढ आधी लागतेय. पाव मिलिमीटर."

"अहो, अजून धड मिटलं नाही तोंड तुमचं!"

"कागद घालून बघ."

थोरल्याने निळा कागद घालून पाहिला. डावीकडच्या दुसऱ्या दाढेवर निळा ठिपका उमटला. बाकी सगळं कोरं. त्याने स्पिरिटची बत्ती पेटवली आणि सुरी तापवायला धरली. हरल्याचं दुःख होतंच, पण म्हाताऱ्याचा चावा अजून शाबूत आहे याचं त्याला आतून बरंही वाटलं.

दुसऱ्या टेबलाशी अक्कू बसली होती. थोरल्याच्या लग्नानंतर अकरा वर्षांनी, बऱ्याच दुखण्यानंतर झालेली ही मुलगी. "उशिरा आली आणि ठणका देऊन आली, अक्कलदाढच ही," असं आबा पाळण्यापाशी म्हणाले होते, तेव्हापासून ती अक्कू. दंतशिल्पाच्या पदवीचं शेवटचं वर्ष. एरवी रविवारी ती बापाच्या हाताखाली पॉलिश करत असे. आज समोर एक मोठा कागद पालथा घालून ती नुसती बसली होती.

दाराची घंटा वाजली. अक्कूची आत्या आली होती. घरात शिरताना आत्याच्या हातात नेहमी एक फाईल असते, कारण ती विद्यापीठाच्या नोंदणी विभागात बावीस वर्षं आहे आणि तिथली माणसं मोकळ्या हातांनी चालायचं विसरतात.

"आणला," ती चप्पल काढता काढता म्हणाली. "समकक्षतेचा अर्ज. दादा, इथे सही कर आणि इथे लॅबचा शिक्का मार. उद्या बाराच्या आत मी स्वतः आत नेऊन देते."

मामला असा होता. अक्कूचे दातांचे सगळे विषय झाले होते, तेही पहिल्या वर्गात. पण तिच्या विद्यापीठाचा एक नियम होता: पदवी कसलीही घ्या, आपल्या धंद्याबाहेरचे सहा विषय शिकावेच लागतील. पाच झाले होते. सहावा अक्कूने वेळापत्रकात बसला म्हणून घेतला, तो निघाला व्यक्तिचित्रणाचा. आणि त्यात ती अडकली. मोठ्या हॉस्पिटलच्या कवळी विभागात तिची निवड झाली होती, पुढच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं, आणि हजर होताना पदवी दाखवायची होती.

"म्हणजे दात करणाऱ्या मुलीची नोकरी चित्रकलेवाचून अडली," थोरला म्हणाला. "आमच्या वेळी नव्हतं हे खूळ."

"आपल्या वेळी या कामाचं कॉलेजच नव्हतं, दादा. तू दहावीनंतर सरळ या टेबलाला बसलास."

"आणि काही बिघडलं?"

"बघू तरी काय काढलंस," आत्या अक्कूला म्हणाली. अक्कूने कागद उलटा केला नाही. मग आत्यानेच केला.

वर्गात एक निवृत्त बस कंडक्टर समोर बसवला होता. त्याचा चेहरा काढायचा होता. अक्कूच्या कागदावर वरती एक अंडाकृती रेघ होती, आणि तिच्या खालच्या भागात एक उघडं तोंड. तोंड बघत राहावं असं होतं. ओठांच्या भेगा, हिरडीची कड, पुढच्या दाताचा तुटलेला कोपरा, त्या कोपऱ्यावर पडलेला उजेड. तोंडाच्या वर मात्र काही नव्हतं. कोपऱ्यात शिकवणाऱ्या बाईंनी पेन्सिलने लिहिलं होतं: माणूस कुठे आहे?

"वा!" थोरला म्हणाला. सुरी हातात घेऊनच तो वाकून बघत होता. "आबा, ह्या तुटक्या दाताची कड बघा."

आबांनी चष्मा वर केला. "ही कड पडल्यावर मोडलेली नाही. हा इसम दाताने दोरा तोडतो."

"तोडतो!" अक्कू म्हणाली. "आबा, त्याची बायको शिवणकाम करते. त्यानेच सांगितलं."

तिघंही खूश झाले. आत्या तिघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

"अरे, पण डोळे कुठायत?"

"डोळ्यांचं काम आपल्याकडे येत नाही," थोरला सहज म्हणून गेला.

आत्याला हसू आवरेना. ती स्टुलावर टेकली आणि पोट धरून हसली. आपल्या आईवर गेलेलं तिचं ते हसणं ऐकून आबा एकदम गप्प झाले, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हसून झाल्यावर तिने अर्ज पुढे सरकवला. अर्जात मजकूर असा होता की सदर विद्यार्थिनीने सदर कार्यशाळेत एकशे वीस तास रेखाटनाचा सराव केलेला असून तो सदर विषयाशी समकक्ष मानावा.

"मेणात दात कोरतेच की ती," आत्या म्हणाली. "कोरणं म्हणजे रेखाटनच. कुणी विचारायला येत नाही."

"बाई काय म्हणाल्या पण?" थोरल्याने विचारलं.

"नवीन चेहरा काढून आण म्हणाल्या," अक्कू म्हणाली. "घरातल्या कुणाचाही. समोर बसवून काढलेला. उद्या चारला दाखवायचा. चांगला असेल तर पास. नाहीतर पुढच्या वर्षी परत."

"आणि अर्ज बारापर्यंत. एकदा दिला की त्या विषयातून नाव कमी होतं," आत्या म्हणाली. "दोन्ही दगडांवर पाय नाही ठेवता यायचे. मी तर म्हणते, हातचं सोडून पळत्यापाठी लागू नये."

थोरल्याने सही केली. शिक्का मारला. शाई वाळायला अर्ज खिडकीत ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर तिथलाच एक दगड ठेवला.

*

तो दगड आईचा होता.

आई, म्हणजे थोरल्याची बायको, चहाचा ट्रे घेऊन आत आली तेव्हा तिला आधी दगडाची जागा बदललेली दिसली, मग अर्ज दिसला. तिने चहा सगळ्यांना दिला. आबांचा कोमट, बशीत. वन्सांना दिला तेव्हा त्या "हं" म्हणाल्या. वर्षभर त्या दोघींचं बोलणं एवढंच होतं. सासूबाई गेल्या त्या सकाळी फोन करायला तासभर उशीर झाला होता. तो तास वन्सांनी अजून माफ केला नव्हता. आईलाही सांगता आलं नव्हतं की तो तास ती सासूबाईंचा हात धरून बसली होती आणि हात सोडल्याशिवाय फोन उचलता येत नव्हता.

"झाली वाटतं सही," ती म्हणाली.

"झाली," थोरला म्हणाला. "तुझं काही वेगळं म्हणणं आहे का?"

एरवी ती "नाही" म्हणाली असती. तिने खिडकीतला दगड उचलला.

"मी कॉमर्सला दोन वर्षं होते. पुढे सोडलं. त्यातलं आज मला एक अक्षर आठवत नाही. ताळेबंद समोर ठेवला तर मी वाचू शकणार नाही. पण पहिल्या वर्षी एक जादा विषय घ्यावा लागायचा. सगळ्याजणी संगीताला गेल्या, तिथे जागा उरली नाही, म्हणून मला दगडांच्या वर्गात टाकलं."

"भूशास्त्र," आत्या सवयीने म्हणाली.

"तेच. सर शनिवारी आम्हाला टेकडीवर न्यायचे. हा तिथलाच." तिने दगड उजेडाकडे धरला. "ह्या पांढऱ्या रेघा दिसतात ना? खडकाला आधी भेग पडली, मग त्यात पाणी शिरलं, आणि पाण्यातलं जे होतं ते तिथेच बसून राहिलं. छत्तीस वर्षं झाली. अजून कुठे रस्ता खणलेला दिसला की मी थांबते."

"थांबते म्हणजे? स्कूटर थांबवायला लावते!" थोरला म्हणाला. "मागे लोक हॉर्न मारतात आणि ही खड्ड्यात बघत असते."

"उपयोग काय झाला, असं विचाराल तर काही नाही," आई दगड परत अर्जावर ठेवत म्हणाली. "पण दोन वर्षांतलं माझ्याजवळ उरलं ते एवढंच. अक्कूचं ते तरी सहीने उडवू नका, एवढंच म्हणणं."

आत्या चहात बघत होती. बावीस वर्षं ती तो रकाना तपासत आली होती: धंद्याबाहेरचे विषय, पूर्ण की अपूर्ण. हजारो मुलांच्या नावापुढे तिने बरोबरची खूण केली होती. तो रकाना कशासाठी आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. आता वहिनीच्या तोंडून ते ऐकायची पाळी यावी, याचा तिला थोडा राग आला. पण फार नाही.

"अक्कू, तुला काय करायचंय?" आत्याने विचारलं. "नोकरी तुझी आहे."

"मला हॉस्पिटल पाहिजे," अक्कू म्हणाली. मग चित्राचा कागद पुढे ओढून, "पण त्या बाईंनी जे लिहिलंय ना, ते मला काल दिवसभर सुचू देत नव्हतं. तो कंडक्टर दोन तास माझ्यासमोर बसला होता, आत्या. आज रस्त्यात भेटला तर तोंड उघडेपर्यंत मी त्याला ओळखणार नाही."

"मग काढ की चेहरा," आई म्हणाली. "आबा बसलेच आहेत."

"छे!" आबा म्हणाले. "मेण तोंडात मऊ पडतं. काढायलाच हवी कवळी."

"मग काढा. राहू दे पाण्यात."

"कवळीशिवाय?" आबा ताठ झाले. "माझं चित्र? भोपळ्यासारखं?"

"तेच बरं आहे," आई शांतपणे म्हणाली. "दातच नसले म्हणजे ही वर बघेल."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि ही बाई एवढी वस्ताद आहे हे त्याला आज कळत होतं.

*

आबांनी बरीच कुरकुर करून कवळी काढून दिली. ती गार पाण्याच्या वाडग्यात गेली. त्यांचे गाल आत गेले, हनुवटी वर आली, आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले.

"आबा, इकडे बघा."

"बघतोय."

"कॅलेंडरकडे नाही. माझ्याकडे."

अक्कूने नवा कागद लावला. हात सवयीने खाली, तोंडाच्या जागी गेला. तिथे एक मिटलेली सुरकुतलेली रेघ होती. त्यात काही करण्यासारखं नव्हतं. तिने पेन्सिल वर नेली. कपाळ. भुवया, त्यातली डावी मधेच तुटलेली. मग डोळे. तिने पाहिलं, काढलं, खोडलं. पुन्हा पाहिलं. आबांच्या पापण्यांना केस इतके कमी आहेत, आणि बघताना ते उजवा डोळा किंचित बारीक करतात, हे तिने बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"अशी काय बघतेस?" आबा अवघडून म्हणाले. "एवढं तर डॉक्टरही बघत नाही."

"हलू नका."

अर्धा तास गेला. थोरल्याने ती दाढ पाव मिलिमीटर उतरवली. दोघी नणंद-भावजया शेजारी शेजारी उभ्या राहून कागदाकडे बघत होत्या.

"तुझ्या आजीची कवळी मी केली होती," आबा एकदम म्हणाले. दातांशिवाय त्यांचे शब्द मऊ येत होते. "तिच्या जुन्या दातांसारखीच. वरचा डावा सुळा एका केसाने फिरलेला होता तिचा, तो मी तसाच फिरवून लावला. डॉक्टर म्हणाला सरळ लावा. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय. आजही डोळे मिटून तिचा एकेक दात मेणात लावीन मी." ते थांबले. "पण डोळे आठवत नाहीत."

अक्कूची पेन्सिल थांबली.

"खोटं नाही सांगत. वर्ष झालं, रोज आठवून बघतो. ती हसायला लागली की मला तोंड दिसतं. वरती काही नाही. ह्या पोरीच्या त्या कागदासारखं. फोटो काढून बघितले, तर प्रत्येक फोटोत मेलं ते चष्म्यावर उजेड चमकलेलं. सत्तावन्न वर्षं समोर बसून जेवली ती माझ्या. आणि कुणी विचारलं, काळे होते की घारे, तर मला सांगता येत नाही."

"काळे," थोरला म्हणाला.

"काळे कुठले? घारे होते आईचे डोळे," आत्या म्हणाली.

"तू धाकटी, तुला काय माहीत."

"मी धाकटी म्हणून काय डोळे बदलले?" ती तोंडाने भांडत होती, पण तिला खात्री नव्हती. तिने आठवून पाहिलं. तिलाही आधी ते हसणंच ऐकू आलं.

"गडद तपकिरी," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"शेवटचे सहा महिने डोळ्यांत थेंब घालायचे मी. दिवसातून तीनदा. त्या चष्मा काढून उशीवर मान टाकायच्या आणि छताकडे नाही, माझ्याकडेच बघायच्या. डाव्या बुबुळाच्या खालच्या कडेला एक फिका ठिपका होता, पिवळसर. मी म्हणायचे, आई, त्या दगडातल्यासारखी रेघ आहे तुमच्या डोळ्यात. मग त्या हसायच्या आणि थेंब गालावर पडायचा. परत घालावा लागायचा."



"अजून सांग, वहिनी," आत्या म्हणाली.

आईने सांगितलं. वरच्या पापणीला दोन घड्या पडायच्या, खालची थोडी सुटलेली. रागावल्या की डोळे मोठे नाही, बारीक व्हायचे. त्या सकाळीही त्यांनी डोळे उघडले होते, एकदाच. दाराकडे पाहिलं होतं. "तुमचीच वाट बघत असाव्यात, वन्सं. मला हात सोडवेना, म्हणून फोनला उशीर झाला."

आत्याने आईच्या दंडाला हात लावला आणि तो तिथेच ठेवला.

"मला काढून दे," आबा अक्कूला म्हणाले. "ती सांगते तसे. आत्ता."

अक्कूने इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या कागदावर आबा होते. तो कागद उद्याचा होता. दुसरा उरला नव्हता. लॅबमध्ये सापडले ते पिवळे चिठ्ठ्यांचे गठ्ठे.

तेव्हा आत्या खिडकीपाशी गेली. तिने दगड उचलून आईच्या हातात दिला. अर्जाच्या कोपऱ्यावर कुणी चहाचा कप ठेवला तरी ऑफिसात अंगावर धावून जाणारी ही बाई. तिने तो सहीचा, शिक्क्याचा अर्ज पालथा केला आणि अक्कूपुढे ठेवला.

"याची पाठ कोरी आहे," ती म्हणाली.

"अगं, उद्या बाराला..." थोरला म्हणाला.

"उद्या चारला जाईल ती. नाही झाली पास तर बघू. काढ गं."

अक्कूने काढायला घेतलं. आई सांगत होती, आत्या मधेच "भुवई जरा जाड" म्हणत होती. थोरला बत्ती विझवून मागे येऊन उभा राहिला, आणि त्याला एकदम आपल्या आईचं कपाळ आठवलं, तापात त्यावर ठेवलेली पट्टी आठवली, आणि तो म्हणाला, "इथे एक आडवी रेघ होती. डाव्या बाजूला." ठिपका आला तेव्हा आई म्हणाली, "हेच."

आबा कागदाकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलं नाही.

"अशी बघायची," ते म्हणाले. "हो. अशीच बघायची."

अक्कू नाकाकडे वळली, मग ओठांपाशी आली. तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

"ते माझ्याकडे दे."

त्यांनी पेन्सिल सुरीसारखी धरली आणि एकेक दात काढत गेले. न थांबता, न खोडता. वरचा डावा सुळा काढला, तो एका केसाने फिरवला. काढून झाल्यावर प्लास्टरची भुकटी उडवावी तशी त्यांनी कागदावर फुंकर घातली. मग त्यांना आपल्या आत गेलेल्या गालांची आठवण झाली. त्यांनी घाईघाईने तोंडावर हात धरला.

"थोरल्या, माझी कवळी दे आधी," ते हाताआडून म्हणाले. "हिच्यासमोर मी असा कधी बसलो नाही."